वेश मराठीत, सहवास परभाषेत : लिंगभाव, समलिंगी जीवन आणि मराठी चित्रपट

१

मराठी चित्रपटाने लिंगभावाच्या प्रश्नाकडे पाठच फिरवली, हे विधान वारंवार केले जाते. पण ते वस्तुस्थितीला धरून नाही. नाच्या, जोगत्या, स्त्रीपार्टी नट या व्यक्तिरेखा मराठी चित्रपटाला परक्या नाहीत. त्यांपैकी काहींना तर त्याने नायकपद दिले, पारितोषिके मिळविली आणि मोठा प्रेक्षकवर्गही मिळविला. साडी नेसलेला पुरुष पडद्यावर पाहताना मराठी प्रेक्षक अवघडत नाही. तो अवघडतो तो दोन पुरुष वा दोन स्त्रिया एकमेकांच्या सोबतीने जगू पाहतात तेव्हा. येथे प्रश्न एखाद्याने काय परिधान केले याचा राहत नाही. कोणी कोणाबरोबर राहावयाचे, याचा होतो.

प्रस्तुत लेखात या दोन बाजूंना 'वेश' आणि 'सहवास' अशी नावे दिली आहेत. वेश म्हणजे देहावर दिसणारा लिंगभाव : वस्त्र, केशभूषा, चाल, आवाज. सहवास म्हणजे दोन व्यक्तींमधील नाते : आकर्षण, जवळीक, घर, जबाबदारी. या दोन संज्ञा हाताशी घेऊन गेल्या चार दशकांतील चित्रपट पाहिले की एक विभागणी ध्यानात येते. वेशाचे चित्रपट मराठीत झाले. सहवासाचे चित्रपट मराठी माणसांनी, पुष्कळदा मराठी माणसांविषयीच केले, तरी ते हिंदीत वा इंग्रजीत केले. ही विभागणी योगायोगाची आहे काय, आणि नसल्यास तिचा अर्थ काय, हा या विवेचनाचा विषय आहे.

२

वेशाच्या परंपरेचा विचार स्त्रीपार्टी नटापासून करावा लागतो. नारायण श्रीपाद राजहंस म्हणजेच बालगंधर्व (१८८८–१९६७) यांच्या भूमिकांनी मराठी मध्यमवर्गीय स्त्रीत्वाचा एक आदर्श घडविला, हे नाट्येतिहासात सर्वमान्य आहे. एका पुरुषाने स्त्रीत्वाचे प्रमाण ठरवावे आणि घराघरांतील स्त्रियांनी ते अनुकरणीय मानावे, ही घटना लिंगभावाच्या कोणत्याही सिद्धान्ताला आव्हान देणारी आहे. रवी जाधव दिग्दर्शित 'बालगंधर्व' (२०११) या चित्रपटापाशी ही सर्व सामग्री होती. परंतु चित्रपटाने ती कलानिष्ठेच्या आणि आर्थिक पडझडीच्या कथेत गुंफली. नटाच्या देहाविषयी, त्या देहाकडे पाहणाऱ्या स्त्रीपुरुषांच्या आकर्षणाविषयी त्याने प्रश्न उभा केला नाही. वेश हा 'कलेचा' ठरला की तो निरुपद्रवी होतो. चित्रपटाने हाच मार्ग स्वीकारला.

याच दिग्दर्शकाचा 'नटरंग' (२०१०) या दृष्टीने अधिक गुंतागुंतीचा आहे. आनंद यादव यांच्या कादंबरीवर आधारलेल्या या चित्रपटातील गुणा हा शेतमजूर, पहिलवानकीचा नाद असलेला गडी. फड उभा राहावा म्हणून तो नाच्या होतो. अतुल कुलकर्णी यांच्या पिळदार देहाचे लवचीक देहात होणारे रूपांतर हाच चित्रपटाचा दृश्यात्मक गाभा आहे, आणि येथवर चित्रपट धीट आहे. पुरुषत्व हे देहात उपजत नसून सरावाने अंगी बाणविलेली गोष्ट आहे, हे तो संवादाविना दाखवितो. तालमीतला सराव आणि बोर्डावरचा सराव यांत त्याला जातीचा फरक दिसत नाही.

परंतु चित्रपटाला या शोधाची भीती वाटते. गुणा 'खरा पुरुष'च आहे, याची ग्वाही तो प्रेक्षकाला पुनःपुन्हा देत राहतो : पूर्वार्धातील आखाडा, घरची बायको आणि मुलगा, नयनाची त्याच्यावरील आसक्ती. गुणावर होणारा सामूहिक बलात्कार हा कथेचा सर्वांत भीषण क्षण. तेथेही आपल्याला दुःख होते ते 'पुरुषाची अशी विटंबना व्हावी' याचे. मुळातच बायकी असलेल्या, ज्याच्यापाशी पहिलवानाचा पूर्वेतिहास नाही अशा नाच्याची वेदना त्या दुःखात बसत नाही. अखेरच्या पुरस्कारसोहळ्यात गुणाला मिळणारी प्रतिष्ठा ही त्यागी कलावंताची प्रतिष्ठा होय. नाच्याला ती मिळत नाही.

राजीव पाटील दिग्दर्शित 'जोगवा' (२००९) मध्ये वेश कलेचा नसून धर्माचा आहे. राजन गवस यांच्या 'चौंडकं' व 'भंडारभोग' या कादंबऱ्या आणि चारुता सागर यांची 'दर्शन' ही कथा यांवर हा चित्रपट आधारलेला आहे. देवीला वाहिलेला तायप्पा आणि देवीला वाहिलेली सुली एकमेकांच्या प्रेमात पडतात. उपेंद्र लिमये यांना तायप्पाच्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि चित्रपट सामाजिक प्रश्नावरील सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. अंधश्रद्धेने आणि दारिद्र्याने माणसाच्या देहावर केलेल्या अत्याचाराचे चित्र म्हणून तो आजही प्रभावी आहे, याविषयी दुमत नसावे.

तथापि त्याच्या कथनाची दिशा तपासली पाहिजे. साडी ही तायप्पावर लादली गेली आहे. म्हणून साडी फेडणे म्हणजे मुक्ती. त्या मुक्तीचे प्रमाणपत्र एका स्त्रीवरील प्रेमाने मिळते. या एका तायप्पापुरते हे खरे आहे. परंतु चित्रपटाच्या विश्वात दुसऱ्या कोणत्या जोगत्याला नायकत्वाची जागा नाही. ज्याला साडी ही बेडी वाटत नाही, देवीच्या निमित्ताने आपल्याला आपल्या मनासारखे राहावयास मिळाले असे ज्याला वाटते, अशा जोगत्याच्या कथेला त्यात अवकाश नाही. शोषणाची टीका करता करता चित्रपट स्त्रीपुरुषभेदाची जुनी चौकट अधिक पक्की करतो. आपल्या समीक्षेने त्यातील सामाजिक आशयाचे स्वागत केले ते योग्यच झाले; या चौकटीकडे मात्र तिचे दुर्लक्ष झाले.

३

आता सहवासाकडे वळू. प्रथमच हे नोंदविले पाहिजे की, मराठी भाषा या विषयाला असमर्थ होती असे नव्हे. विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' १९८१ मध्ये रंगभूमीवर आले. सुमित्रा देव या तरुणीचे दुसऱ्या तरुणीवरील प्रेम हा त्याचा विषय. ते प्रेम आपल्याला बापू या मित्राच्या निवेदनातून कळते आणि मित्राची अखेर आत्मनाशात होते, या दोन्ही गोष्टी चिकित्सेला पात्र आहेत. तरीही एका स्त्रीची दुसऱ्या स्त्रीविषयीची ओढ बोलक्या मराठीत उच्चारता येते, हे त्या नाटकाने सिद्ध केले. त्यानंतरच्या वर्षी आलेल्या जब्बार पटेल यांच्या 'उंबरठा' (१९८२) ची पटकथाही तेंडुलकरांचीच. तेथे महिलाश्रमातील दोन स्त्रियांची जवळीक कथेत येते, पण ती आश्रमाच्या व्यवस्थेपुढील एक अडचण म्हणून. त्या दोघींना स्वतःचा दृष्टिकोन लाभत नाही. त्यांची जवळीक सुलभा महाजनच्या, म्हणजे अधीक्षिकेच्या, नजरेतूनच आपल्यापर्यंत पोहोचते. स्त्रीमुक्तीच्या विचाराने भारलेल्या चित्रपटातही या दोन स्त्रिया 'प्रकरण'च राहतात.

पुढील काळात विषय मागे पडला नाही; भाषा बदलली. अमोल पालेकरांचा 'थांग' (२००६) हा अपवाद म्हणून पुढे करता येईल, कारण विवाहित पुरुषाचे समलिंगी नाते त्यात मराठीतही आले. परंतु तो चित्रपट एकाच वेळी 'क्वेस्ट' या नावाने इंग्रजीतही तयार झाला आणि राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो इंग्रजी चित्रपट म्हणून. शिवाय कथनाचे केंद्र पत्नीच्या आघातात आहे. सचिन कुंडलकर यांची 'कोबाल्ट ब्लू' (२००६) ही कादंबरी मराठीत लिहिली गेली. एकाच तरुणाच्या प्रेमात पडलेल्या भावाबहिणीची ती कथा. तिच्यावर लेखकानेच केलेला चित्रपट २०२२ मध्ये आला तेव्हा कथा केरळात गेली होती आणि पात्रे हिंदी-इंग्रजी बोलत होती.

सर्वांत बोलके उदाहरण पुन्हा रवी जाधव यांचेच आहे. नाच्याची आणि स्त्रीपार्टी नटाची कथा त्यांनी मराठीत सांगितली. पुण्यात वाढलेल्या, मराठी बोलणाऱ्या आणि तृतीयपंथीयांच्या हक्कांसाठी सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या गौरी सावंत यांची जीवनकथा त्यांनी 'ताली' (२०२३) या मालिकेत मांडली, ती हिंदीत. वेश भूमिकेपुरता होता तोवर मराठी पुरली. तो जगण्याचा भाग झाला, त्यातून मातृत्वाचा आणि नागरिकत्वाचा प्रश्न उभा राहिला, आणि माध्यमाची भाषा बदलली.

याचे सरळ स्पष्टीकरण अर्थकारणात आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. मराठी चित्रपटाचे क्षेत्र मर्यादित, निर्मात्याची जोखीम मोठी. वाहिन्या आणि नवे मंच यांना अखिल भारतीय प्रेक्षक हवा असतो. परंतु 'जोगवा'चा विषयही सोपा नव्हता आणि तो मराठीतच झाला. तेव्हा अर्थकारणाच्या जोडीला एक सांस्कृतिक गृहीतकही कार्यरत आहे असे म्हणावे लागते. ते गृहीतक असे : वेशाचे विश्व जत्रेचे, फडाचे, देवीच्या डोंगराचे, म्हणून ते 'आपले', सहवासाचे विश्व महानगराचे, शिकलेल्यांचे, इंग्रजीचे, म्हणून ते 'बाहेरचे'. १९९८ च्या डिसेंबरात दीपा मेहता यांच्या 'फायर'विरुद्ध मुंबईतील चित्रपटगृहांची मोडतोड झाली तेव्हा आक्षेप हाच होता की, हे आपल्या संस्कृतीत नाही. त्या हिंसेचा निषेध अनेक मराठी लेखक-कलावंतांना करावासा वाटला असेल. तथापि आपल्या चित्रपटाने भाषांची जी वाटणी केली, तिने त्या आक्षेपाला नकळत आधारच दिला. जे नाते मराठीत उच्चारलेच गेले नाही, ते मराठी समाजात नाही असे म्हणणाऱ्याला उत्तर देणे कठीण होते.

४

या वाटणीची सर्वांत मोठी किंमत ज्यांना मोजावी लागली, ते मराठीचे एक प्राध्यापक होते. श्रीनिवास रामचंद्र सिरस मूळचे नागपूरचे, मराठीचे कवी आणि अलिगढ मुस्लीम विद्यापीठातील आधुनिक भारतीय भाषा विभागाचे प्रमुख. 'पायाखालची हिरवळ' हा त्यांचा कवितासंग्रह. फेब्रुवारी २०१० मध्ये काही जणांनी त्यांच्या घरात घुसून एका पुरुषाबरोबरच्या त्यांच्या खासगी क्षणांचे चित्रीकरण केले आणि विद्यापीठाने निलंबित केले ते सिरस यांनाच. दिल्ली उच्च न्यायालयाचा कलम ३७७ विषयीचा निकाल येऊन तेव्हा काही महिनेच लोटले होते. १ एप्रिल २०१० रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली. त्यानंतर आठवड्याभरातच सिरस आपल्या घरात मृतावस्थेत आढळले.

हंसल मेहता यांचा 'अलीगढ' (२०१५ मध्ये महोत्सवात, २०१६ मध्ये चित्रपटगृहांत) हा या घटनेवरचा चित्रपट. अपूर्व असरानी यांची पटकथा आणि मनोज बाजपेयी यांचा अभिनय यांनी त्याला असाधारण संयम लाभला आहे. चित्रपटातील सिरस हा लढवय्या नाही. तो एकटा बसून लता मंगेशकरांची गाणी ऐकतो, मद्याचा पेला हाती घेऊन त्या सुरांत हरवतो. न्यायालयात खटला चाललेला असताना आपल्या कवितांच्या भाषांतरात रमतो, मधेच डुलकी घेतो. तरुण पत्रकार 'गे' हा शब्द त्याला लावू पाहतो तेव्हा त्याला तो पुरत नाही : आपल्या मनात जे आहे ते तीन अक्षरांत कसे मावावे, असा त्याचा प्रश्न आहे. ही कवीची हरकत आहे. संज्ञेला विरोध करणारा हा माणूस काही लपवू पाहत नाही. अनुभव आणि नाव यांतील अंतर तो दाखवीत आहे.

मराठी अभ्यासकाने नेमके येथे थांबले पाहिजे. चित्रपटातील सिरस उर्दू-हिंदीच्या शहरात मराठी शिकविणारा आहे. त्याचे परकेपण लैंगिकतेचे आहे तसेच भाषेचेही आहे. विवाहितांत अविवाहित आणि उर्दूत मराठी असा तो दुहेरी एकाकी आहे, आणि चित्रपटाला याची जाण आहे. परंतु त्याची कविता प्रेक्षकापर्यंत येते ती प्रामुख्याने भाषांतराच्या वाटेने. ज्या भाषेत त्याने आपला एकांत मांडला ती भाषा पडद्यावर पार्श्वभूमीसारखी राहते. हिंदी चित्रपटाकडून याहून अधिक अपेक्षा करणे न्याय्य नाही. प्रश्न मराठीला विचारावयाचा आहे. नागपूरच्या एका मराठी कवीची आणि मराठीच्या अध्यापकाची ही कथा सांगण्याचे काम हिंदी चित्रपटाने केले. ती मराठी चित्रपटाचा विषय होणे दूरच राहो, सिरस यांच्या कवितेचे नव्याने वाचन व्हावे, तिच्यातील अनुच्चारिताची चर्चा व्हावी, हेही आपल्या अभ्यासविश्वाच्या केंद्रस्थानी आले नाही. खरे पाहता चित्रपटाने आपल्याला संग्रहाकडे परत नेले पाहिजे होते.

५

विदर्भाच्या संदर्भात आणखी एक घटना नोंदवावयास हवी. डिसेंबर २०१७ च्या अखेरीस यवतमाळ शहरातील एका हॉटेलात दोन पुरुषांचा विवाहसमारंभ आप्तेष्टांच्या उपस्थितीत पार पडला. त्यांपैकी एक जण मूळचा यवतमाळचाच. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालामुळे त्या वेळी कलम ३७७ पुन्हा लागू होते. ते सप्टेंबर २०१८ मध्ये शिथिल झाले, आणि ऑक्टोबर २०२३ च्या निकालात समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास न्यायालयाने नकार दिला. म्हणजे त्या समारंभाला कायद्याचे पाठबळ तेव्हाही नव्हते. मात्र कापसाच्या आणि शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांपुरता ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्याच्या ठिकाणी, नातेवाइकांसमोर, असा सोहळा होऊ शकला. जोडप्यातील यवतमाळकर परदेशात स्थायिक झालेला होता, ही गोष्ट लक्षात घेतली तरी त्याने समारंभासाठी निवडले ते आपले गाव. समलिंगी सहवास हा महानगरी विषय आहे, या गृहीतकाला चित्रपटाआधी जीवनानेच छेद दिला, असे यावरून म्हणता येईल.

चित्रपटात तो छेद रोहन परशुराम कानवडे यांनी दिला. त्यांच्या 'यू फॉर उषा' (२०१९) या लघुपटात शेतमजुरी करणाऱ्या एका निरक्षर स्त्रीला शाळेतल्या शिक्षिकेविषयी ओढ वाटते आणि त्या ओढीतून तिला अक्षरांची गोडी लागते. त्यांचा 'साबर बोंडं' हा पूर्ण लांबीचा मराठी चित्रपट २०२५ च्या जानेवारीत सनडान्स महोत्सवात जागतिक कथाचित्र विभागाच्या ग्रँड ज्युरी पारितोषिकाचा मानकरी ठरला आणि त्याच वर्षी सप्टेंबरात भारतात प्रदर्शित झाला. कथानक थोडके आहे. मुंबईत नोकरी करणारा आनंद वडिलांच्या मृत्यूनंतर दहा दिवसांच्या दुखवट्यासाठी गावी येतो. नातलग त्याच्या लग्नाचा विषय काढत राहतात. आईला त्याच्याविषयी ठाऊक आहे. गावात त्याला बाळ्या हा बालमित्र पुन्हा भेटतो; त्याच्याही घरी लग्नाचा तगादा आहे.

या चित्रपटाचे मोल त्याच्या विषयापेक्षा त्याच्या रीतीत आहे. स्थिर चौकट, दीर्घ दृश्ये, पार्श्वसंगीताचा अभाव : यामुळे प्रेक्षकाला भावना आयती मिळत नाही, त्याला सुतकातील माणसासारखे थांबून राहावे लागते. दुखवट्याचे दहा दिवस ही कथनाची मोठी सोय आहे. या काळात माणूस व्यवहारातून बाजूला काढलेला असतो, त्याच्यावर निर्बंध असतात, पण त्याला रिकामा वेळही असतो. रूढीनेच दिलेल्या त्या रिकाम्या वेळात रूढीला न बसणारे नाते वाढते. 'जोगवा'त रूढी ही केवळ तुरुंग होती. येथे ती तुरुंग आहे आणि आडोसाही आहे.

दुसरी गोष्ट भाषेची. आनंद आणि बाळ्या यांच्या नात्याला चित्रपटात कोणतीही संज्ञा चिकटविलेली नाही, आणि तिची उणीवही जाणवत नाही. सिरस यांची हरकत येथे जणू प्रत्यक्षात उतरली आहे. रोजच्या बोलीत, शेरडांविषयी, जेवणाविषयी, घरच्यांच्या कटकटीविषयी बोलता बोलता दोघे एकमेकांशी जे बोलावयाचे ते बोलून जातात. बाळ्या काटे काढून साबराची फळे आनंदसाठी आणतो. यापेक्षा स्पष्ट उच्चाराची चित्रपटाला गरज वाटत नाही. आमच्या कापसाच्या मुलखात 'बोंड' म्हटले की पऱ्हाटीचे बोंड आठवते, साबराचे नव्हे. परंतु काट्यांतून हाताने वेचून आणलेल्या फळाचा अर्थ कळण्यासाठी वऱ्हाडी वाचकाला टीपेची आवश्यकता पडणार नाही. सहवासाला येथे प्रथमच शेताचे, वस्तीचे, आईच्या समंजसपणाचे मराठी लाभले.

६

यावरून वेशाकडून सहवासाकडे म्हणजे मागासपणाकडून प्रगतीकडे, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होईल. तो टाळला पाहिजे. समलिंगी स्त्रीपुरुषांच्या जीवनात वेश गौण असेल. पारलिंगी व्यक्तीच्या जीवनात तो गौण नसतो. जन्माने पुरुष ठरविलेल्या व्यक्तीने साडी नेसणे हा तिच्यासाठी बहुधा स्वतःच्या सत्याचा उच्चार असतो. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ च्या निकालात लिंगओळख स्वतः ठरविण्याचा अधिकार मान्य केला, त्याचा गाभा हाच होता. 'साबर बोंडं' या प्रश्नाला स्पर्श करीत नाही, आणि त्याने तो करावा असा आग्रहही नाही. परंतु 'नटरंग' आणि 'जोगवा' यांनी सोडून दिलेली जागा अजून भरलेली नाही, हे त्यामुळे अधिक स्पष्ट होते. लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे 'मी हिजडा, मी लक्ष्मी' हे आत्मकथन मराठीत आहे. साहित्याने उघडलेली ही वाट चित्रपटाने अद्याप धरलेली नाही. कलेचा वा देवीचा आधार न मागता, स्वतःच्या इच्छेने नेसलेली साडी आणि त्या साडीसह उभे राहिलेले घर मराठी चित्रपटात यावयाचे आहे.

समीक्षेपुढेही यातून एक काम उभे राहते. सामाजिक आशय आहे की नाही, एवढ्याच निकषावर आपण या चित्रपटांचे वाचन करीत आलो. त्याऐवजी कथा कोणाच्या नजरेतून सांगितली गेली, कोणत्या भाषेत सांगितली गेली आणि कोणाला नायकत्व नाकारून ती पूर्ण झाली, हे विचारावयास हवे. पदव्युत्तर वर्गात 'मित्राची गोष्ट' आणि 'उंबरठा' एकत्र अभ्यासता येतील. 'भंडारभोग' वाचून 'जोगवा' पाहता येईल. आणि 'अलीगढ' पाहिल्यावर 'पायाखालची हिरवळ' शोधून वाचता येईल. यांतील शेवटचे काम सर्वांत निकडीचे आहे. सिरस यांचा खटला अलाहाबादच्या न्यायालयात चालला. त्यांच्या कवितेचा विचार मात्र मराठी वाचकांपुढेच व्हावयाचा आहे, आणि तो अजून झालेला नाही.